आवृत्ती १.४: परदेशी विद्यापीठासोबतचा अभ्यास सुरू होण्याआधीचे साडेदहा महिने

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार. मावळातल्या एका गावात पहिल्या सहभागी महिलेची संमती घेतली आणि आमचा अभ्यास सुरू झाला. त्याची पहिली बैठक झाली होती ६ जानेवारीला. मधल्या साडेदहा महिन्यांत एकाही बाईचं बी.पी. मोजलं नाही, रक्ताचा एक थेंब घेतला नाही. फक्त कागद केले.

पुण्यात 'ग्लोबल हेल्थ' हा शब्द आता प्रत्येक विद्यापीठाच्या नोटीस बोर्डावर आहे. व्याख्यान होतं, निधीची जाहिरात लागते, चहाच्या वेळी कार्डांची देवाणघेवाण होते. तिथून पुढे कोणता कागद आधी, कोणता नंतर, कुठे किती दिवस जातात, हे मात्र ज्याचं त्यानं शोधायचं. नुकतंच हे सगळं पार पाडलेल्या माणसाला ते आठवतं. वर्षभरानं आठवणार नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवतो आहोत.

अभ्यास साधा आहे. चुलीच्या धुराचा आणि ३५ ते ६० वयाच्या बायकांच्या रक्तदाबाचा काय संबंध, हे पाहायचं. ४०० महिला, एक प्रश्नावली, रक्तदाबाच्या तीन नोंदी, साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी ५ मिली रक्त. औषध नाही, प्रयोग नाही. भागीदार ब्रिटनमधलं एक विद्यापीठ, आमची बाजू पुण्यातली एक ट्रस्टची शिक्षणसंस्था. तरीही एवढा वेळ लागला. औषधाची चाचणी असती तर याच्या कितीतरी पट लागला असता.

जानेवारी-फेब्रुवारी: पैसे कुठून, कोणत्या खात्यात

परदेशी भागीदारीचं पुण्याला नवल नाही. आपली राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या भागीदारीतूनच सुरू झाली. पण २०२५ हे वर्ष वेगळं निघालं. फेब्रुवारीत ब्रिटननं परदेशी मदत २०२७पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणणार असं जाहीर केलं. १ मेला अमेरिकेच्या एनआयएचनं (आरोग्य संशोधनाला निधी देणारी तिथली सरकारी संस्था) परदेशी संस्थांना अमेरिकी विद्यापीठांमार्फत मिळणारे उप-अनुदानाचे करार नवी पद्धत येईपर्यंत थांबवले. त्यामुळे पहिल्याच बैठकीत विचारायचा प्रश्न हाच: पैसे मंजूर झालेत की अपेक्षित आहेत, मूळ कोणाचे आहेत आणि कोणत्या तारखेपर्यंत खर्च करायचे आहेत? उत्तर ईमेलवर घ्या. व्हिडिओ कॉलवर मान हलवली, हा पुरावा नव्हे.

दुसरा प्रश्न आपल्याच संस्थेच्या लेखा विभागाला. संस्था ट्रस्टची असेल तर परदेशी अनुदानासाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या नियमनाचा कायदा) नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. तिथून संस्थेच्या पुण्यातल्या खात्यात वळवता येतात. त्याच दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी बदलल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि परदेशी अनुदान पुढे दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात एका स्थानिक संस्थेला 'गावपातळीवरचं काम' म्हणून रक्कम टाकली होती. ब्रिटनकडच्या लोकांना त्यात काहीच गैर वाटलं नाही, आमच्या लेखापालांनी मात्र दोन मिनिटांत लाल रेघ मारली. त्या संस्थेतल्या, हे काम करणार होत्या त्या दोन मुली मग आमच्याच संस्थेत करारावर घेतल्या. अंदाजपत्रक भागीदाराकडे जाण्याआधी लेखापालांच्या टेबलावर गेलं पाहिजे. तीन आठवडे वाचतात.

सामंजस्य करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला. ऑक्टोबर २०२४पासून महाराष्ट्रात शंभराचा चालत नाही. जुन्या करारावरून मजकूर उचलला की 'रु. १००/-' तसंच राहून जातं, तेवढं बघा. करारात प्रकाशनात नावं कोणाची, माहितीची मालकी कोणाची आणि माहिती कोणत्या रूपात बाहेर जाणार, ही तीन कलमं स्पष्ट हवीत. आमच्यात पहिली दोन होती. तिसऱ्याची किंमत पुढे जुलैत मोजली. सह्यांची मूळ प्रत कुरिअरनं पाठवायला २८०० रुपये आणि नऊ दिवस लागले.

याच काळात एक निर्णय घेतला, तो सगळ्यात फायद्याचा ठरला. भागीदाराची इच्छा होती की रक्ताचे नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत यावेत. तसं करायचं तर ती तपासणी भारतात का होऊ शकत नाही याचं समर्थन, नमुने हस्तांतराचा वेगळा करार, उरलेल्या रक्ताचं पुढे काय करणार याचा खुलासा, हे सगळं आलं. शिवाय विमानानं पाठवायला तीन थरांचं पॅकिंग, त्यावर यूएन ३३७३चा (जैविक नमुन्यांचा) शिक्का, सोबत कोरडा बर्फ असेल तर यूएन १८४५चं वेगळं लेबल, आणि खोका विमानतळावर अडकला तर नमुने गेले. साखर आणि कोलेस्टेरॉल पुण्यात कुठल्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होतं. आम्ही 'नमुने देशाबाहेर जाणार नाहीत' हे एक वाक्य प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, घातलं आणि अर्धा डोंगर उतरला.

मार्च: संमतीपत्र

सगळ्यात जास्त मेहनत कशाला लागली, तर सहा पानांच्या मराठी कागदाला. प्रोटोकॉल, अंदाजपत्रक, बायोडेटा हे सगळं साच्यातून निघतं. संमतीपत्र निघत नाही, आणि निघालंच तर ते ऐकताना कळतं.

त्याचे दोन भाग असतात: माहितीपत्रक आणि प्रत्यक्ष संमतीचा, सहीचा कागद. पहिला मसुदा इंग्रजीवरून उतरवला. त्यातलं एक वाक्य असं: 'आपण या संशोधनात स्वेच्छेने सहभागी होत असून कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेण्याचा आपला अधिकार अबाधित राहील.' व्याकरण ठीक. तालुक्यातल्या आशाताईंच्या मासिक बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा एकीनं विचारलं, "हे बँकेचं आहे का?"

(बैठकीत फक्त कागद वाचला आणि अर्थ विचारला, त्यांच्याबद्दल काहीही लिहून घेतलं नाही. सहभागींचं हित जपलं जातं का ते तपासणाऱ्या नैतिक समितीच्या मंजुरीआधी कुणाकडूनही माहिती गोळा करायची नसते. वाचून घेण्याची ही पायरी आम्ही समितीला आधी कळवली होती.)

त्या दिवशी आशाताईंनी जे सांगितलं त्यातून कागद पुन्हा लिहिला. काही शब्द इथे देतो, कारण पुणे जिल्ह्यात काम करणाऱ्या कुणालाही ते अडणार आहेत.

'नुकसानभरपाई'. संमतीपत्रात हा मुद्दा सक्तीचा: अभ्यासामुळे इजा झाली तर काय. पण रिंगरोड मावळ, मुळशी, हवेली, भोर अशा तालुक्यांतून जातो. तिथे भरपाई म्हटलं की जमीन, आणि भरपाईच्या कागदावर सही म्हटलं की सातबारा. पुढचं कुणी ऐकतच नाही. आम्ही लिहिलं: 'रक्त घेताना हाताला सूज आली किंवा दुसरा काही त्रास झाला, तर दवाखान्याचा खर्च आमची संस्था करेल. तुमच्या खिशातून काही जाणार नाही.'

'गोपनीय'. "म्हणजे लपवायचंय काय तुम्हाला?" हा सरळ प्रश्न आला. मग असं केलं: 'तुमच्या कागदावर नाव नसेल, नंबर असेल. कोणता नंबर कोणाचा ते एका वहीत असेल आणि ती वही पुण्यात कुलपात राहील.'

'स्वेच्छेने' गेलं, 'तुमच्या मर्जीनं' आलं. 'माघार' गेलं, 'मधेच कधीही नको म्हणू शकता' आलं. 'सर्वेक्षण' मुद्दामच टाळलं. सर्व्हे म्हटलं की लोक योजनेची यादी समजतात, आणि आपलं नाव यादीत यावं म्हणून हो म्हणतात. ते 'हो' काही कामाचं नाही. 'तुमचं नाव कोणत्याही योजनेत जाणार नाही, यातून पैसे मिळणार नाहीत' हे आम्ही पहिल्याच परिच्छेदात घेतलं.

'५ मिली रक्त' कळत नाही, आणि मग बाटलीभर वाटतं. 'चहाचा एक चमचा' लिहायचं ठरलं. पण घरातला चमचा खरंच ५ मिलीचा असतो का? सिरिंजमध्ये पाणी भरून ऑफिसातले आणि घरोघरचे अकरा चमचे मोजले. ४ ते ६ मिलीच्या मधे सगळे. लिहिलं.

प्रश्नावलीतही असेच खड्डे. 'तंबाखू खाता का?' याला बहुतेक बायकांचं उत्तर 'नाही'. 'मशेरी लावता का?' म्हटलं की 'सकाळी लावते, दुपारी एकदा'. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती लावायची असते, खायची नसते. प्रश्न चुकला की उत्तर चुकतं, आणि रक्तदाबाच्या अभ्यासात ही चूक फार महागात पडते. चुलीचंही तेच. 'स्वयंपाक कशावर करता?' 'गॅसवर.' मग अंघोळीचं पाणी? चुलीवर. भाकरी? चुलीवर. जनावरांचं आंबोण? चुलीवरच. गॅसवर चहा आणि पाहुणे आले तर भाजी. धुराचा अभ्यास करायचा तर प्रश्न इंधनाचा नाही, कामाचा विचारायला हवा. आम्ही एकाच्या जागी सहा प्रश्न केले.

मराठी नक्की झालं की ते परत इंग्रजीत करून घ्यावं लागतं, आणि ते अशा माणसाकडून ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही. दोन्ही भाषांतरकारांची सहीनिशी प्रमाणपत्रं समितीला लागतात. १४५० शब्द, शब्दाला अडीच रुपये, ३६२५ रुपये. आम्ही घाईघाईत पहिल्या मसुद्याचंच करून घेतलं. 'माघार घेणे'चं तिकडे 'रिट्रीट' झालं, आणि ब्रिटनहून नम्र विचारणा आली की या महिलांना कुठल्या शिबिराला नेणार आहात का. नवा मसुदा झाल्यावर पुन्हा ३६२५. शेवटचा स्वल्पविराम पडल्याशिवाय उलट भाषांतराला देऊ नका.

पहिला मसुदा मोठ्यानं वाचायला १४ मिनिटं लागायची, शेवटचा ७. घड्याळ लावून वाचा. डोळ्यांना जे लहान वाटतं ते कानाला वाटत नाही.

एप्रिल-मे: नैतिक समिती

आमच्या समितीची बैठक महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी, कागद तीन आठवडे आधी. २७ मार्चला दिले, बैठक १७ एप्रिलला. समितीबद्दल आधी दोन गोष्टी तपासा. एक, ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का आणि नोंदणीची मुदत कधी संपते. २०१९च्या नियमांनंतर ही नोंदणी आवश्यक आहे आणि पुढे प्रत्येक अर्जात तो क्रमांक लागतो. दोन, कोरम, म्हणजे निर्णयासाठी लागणारी किमान हजेरी. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचे, कोरमला किमान ५ जण आणि त्यात वैद्यकीय क्षेत्राबाहेरचेही हवेत. आपल्या प्रकल्पात नाव असलेला सदस्य निर्णयाच्या वेळी बाहेर बसतो, म्हणजे एक डोकं कमी. मे महिन्यात वकील गावाला आणि समाजशास्त्रज्ञ परीक्षेच्या कामात असं झालं की बैठक पुढे जाते. सुट्ट्यांच्या आधीची बैठक पकडा.

अर्ज आयसीएमआरच्या ठरलेल्या सामायिक नमुन्यातच करायचा. सोबत प्रोटोकॉल, संमतीपत्राचं इंग्रजी, मराठी आणि उलट भाषांतर, प्रश्नावली, संशोधकांचे बायोडेटा, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, संशोधन नीट कसं करायचं त्याचे नियम) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, अंदाजपत्रक, कराराची प्रत.

२४ एप्रिलला नऊ शंकांचं पत्र आलं. त्यातल्या चार निव्वळ आमच्या निष्काळजीपणाच्या. एका संशोधकाचं जीसीपी प्रमाणपत्र २०२१चं होतं. आमच्या समितीला तीन वर्षांच्या आतलं लागतं. प्रोटोकॉलमध्ये हेलसिंकी जाहीरनाम्याची (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं) २०१३ची आवृत्ती नमूद होती. ऑक्टोबर २०२४मध्ये तो सुधारला गेला आहे आणि त्यात 'सब्जेक्ट' हा शब्द जाऊन 'पार्टिसिपंट' आला आहे. अर्जातलं अभ्यासाचं शीर्षक आणि प्रोटोकॉलवरचं शीर्षक यांत 'ग्रामीण' हा एक शब्द कमी-जास्त. आणि माहितीपत्रकाच्या तळाला आवृत्ती १.१, तर अर्जातल्या यादीत १.२.

बाकीच्या शंका कामाच्या होत्या. समितीतल्या सामान्य नागरिक म्हणून असलेल्या बाईंनी, म्हणजे निवृत्त शिक्षिकांनी, विचारलं: ज्यांचं बी.पी. वाढलेलं निघेल त्यांचं तुम्ही काय करणार? आमच्या कागदात 'संदर्भसेवा दिली जाईल' एवढंच होतं. त्यांना कोण, कुठे, किती दिवसांत, हे हवं होतं. मग लिहिलं: १४०/९०च्या वर गेल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी आणि आठवड्यानं फोन, १८०/११० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी, आमच्या गाडीनं. गाडीचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते, ते घातले. साक्षीदाराचा मुद्दाही त्यांचाच. ज्या बाईला वाचता येत नाही तिचा अंगठा घेताना लिहिता-वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार लागतो. आम्ही 'आशाताई' लिहिलं होतं. समितीचं म्हणणं, आशाताईच तुम्हाला घरी घेऊन जाणार, मग त्या त्रयस्थ कशा? बरोबर होतं. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी चालते, आमच्या पगारावरचं कुणी चालत नाही.

९ मेला उत्तरं दिली, २९ मेला मंजुरी. पत्र हातात पडलं की आधी आनंद करू नका, आधी वाचा. प्रत्येक कागदाचं नाव, आवृत्ती आणि तारीख पत्रात आहे का? नुसतं 'प्रोटोकॉल व संमतीपत्र मंजूर' असं असेल तर लगेच दुरुस्त करून मागा. पुढची प्रत्येक कचेरी हे पत्र आणि जोडलेला कागद शेजारी-शेजारी ठेवून पाहते.

एक तिढा मधे होता. ब्रिटनच्या समितीला आमच्या समितीचं पत्र आधी हवं, आमच्या समितीला त्यांचं. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी. दोन आठवडे ईमेल फिरले. शेवटी आमच्या समितीनं 'परदेशी समितीच्या आणि एचएमएससीच्या मंजुरीच्या अधीन राहून' असं सशर्त पत्र दिलं (एचएमएससी म्हणजे आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती, तिच्याबद्दल पुढे), आणि ते दाखवल्यावर ६ जूनला तिकडचं आलं. हे शब्द आधीच मागून घ्या.

जून ते ऑक्टोबर: एचएमएससी

परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. तिचं सचिवालय आयसीएमआरकडे आहे. अर्ज ऑनलाइन, आणि तो भारतीय प्रमुख संशोधकानंच करायचा. परदेशी प्राध्यापकांना वाटतं की निधी त्यांचा म्हणून अर्जही त्यांचा. तसं नाही.

आम्ही ११ जूनला अर्ज केला. दोन्ही समित्यांची पत्रं, करार, अंदाजपत्रकाची भारतातली आणि बाहेरची फोड, एफसीआरएचा पुरावा, माहिती कशी वाटून घेणार त्याची योजना. सगळं आहे अशी खात्री होती. १७ जुलैला विचारणा आली. मुद्दा रास्त होता: करारात म्हटलंय की नावं काढलेली माहिती ब्रिटनला जाणार, पण संमतीपत्रात बाईला हे कुठे सांगितलंय? आम्ही सांगितलं नव्हतं. नमुने बाहेर जाणार नाहीत हे इतकं ठळक लिहिलं होतं की माहिती बाहेर जाणार हे लिहायचंच राहिलं. आणि करारातलं ते तिसरं कलम, माहिती कोणत्या रूपात जाणार, तेही मोघम.

एक वाक्य वाढलं: 'तुमचं नाव-गाव काढून बाकीची उत्तरं ब्रिटनमधल्या विद्यापीठाला पाठवू, तिथल्या कुणालाही ती तुमची आहेत हे कळणार नाही.' या एका वाक्यासाठी संमतीपत्राची आवृत्ती १.३ची १.४ झाली, तेवढ्या परिच्छेदाचं उलट भाषांतर झालं, नैतिक समितीकडे दुरुस्तीचा अर्ज गेला (२४ जुलै), त्यांनी पूर्ण बैठकीऐवजी जलद पद्धतीनं मंजूर केला (१४ ऑगस्ट), करारनाम्याला पुरवणी जोडली आणि १८ ऑगस्टला सगळं परत गेलं. १.३चे शंभर संच आम्ही उत्साहात छापून ठेवले होते. ते रद्दीत. तसंही समितीचा शिक्का असलेल्या प्रतीचीच झेरॉक्स वापरायची असते. कॉम्प्युटरमधून नवी प्रत छापायची नाही. त्यामुळे आधी छापण्यात काही अर्थ नसतो.

गणपती आले, गेले. मंजुरीचं पत्र ६ ऑक्टोबरला आलं.

या मधल्या महिन्यांत करण्यासारखं एक काम: रक्तदाब मोजायचा सराव, आपसात. चहा किंवा मशेरी घेतल्यावर अर्धा तास थांबायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात काळजाच्या उंचीला, मधे एकेक मिनिट सोडून तीन नोंदी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त येतो, म्हणून दोन मापांचे पट्टे. आणि घरात खुर्ची असेलच असं नाही. मांडी घालून, टेकल्याशिवाय बसलेल्या बाईची नोंद बाकीच्यांशी जुळत नाही. यादीत एक घडीची खुर्ची वाढली. दुचाकीवर ती नेण्याचाही सराव लागतो.

ऑक्टोबर: सीटीआरआय

सीटीआरआय ही अभ्यासांची राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री हे नाव असलं तरी निरीक्षणात्मक अभ्यासही तिथे नोंदवता येतात, एमडीचे प्रबंधसुद्धा. शुल्क नाही. १ एप्रिल २०१८पासून नियम असा की पहिला सहभागी घेण्याच्या आधीच नोंदणी झालेली हवी. नंतर होत नाही.

फॉर्म लांब आहे पण अवघड नाही. वैज्ञानिक शीर्षक नैतिक समितीच्या पत्रातलं जसंच्या तसं टाका. आजाराला आयसीडी-१० (आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) संकेतांक लागतो. उच्च रक्तदाबाचा आय१०. संपर्कासाठी संस्थेचा लँडलाइन आणि कार्यालयीन ईमेल द्या. हा तपशील सगळ्यांना दिसतो. अर्ज पाठवल्यावर जो 'आरईएफ'नं सुरू होणारा क्रमांक येतो तो नोंदणी क्रमांक नव्हे. तो घेऊन गावात जाऊ नका.

आमचा घोळ तारखेचा. ८ ऑक्टोबरला अर्ज केला आणि पहिल्या सहभागीची तारीख टाकली १५ ऑक्टोबर. १६ला एका छोट्या शंकेसाठी अर्ज परत आला, तोवर ती तारीख उलटून गेलेली. तारीख किमान महिना-दीड महिना पुढची टाकावी. दिवाळीनंतर, ३१ ऑक्टोबरला क्रमांक मिळाला.

नोव्हेंबर: गाव

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचं पत्र, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची भेट, ग्रामपंचायतीला अर्ज आणि पोच. ही पत्रं ऑगस्टमध्येच मागायला सुरुवात केली होती. दिल्लीचं पत्र येईपर्यंत थांबलो असतो तर वर्ष संपलं असतं.

३ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरलं होतं. सरपंचबाईंनी विचारलं, भातकापणीत बाया घरी सापडतील का तुम्हाला? कॅलेंडरमध्ये दिवाळी पाहिली होती, भात नव्हता पाहिला. तीन आठवडे पुढे ढकललं.

माहितीपत्रक एक दिवस आधी घरी देतो. सासूला, नवऱ्याला, कॉलेजातल्या मुलाला वाचू दे, विचारू दे. सही मात्र तिचीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारनंतर जातो.

२४ तारखेला पहिल्या घरी ओट्यावर बसून सात मिनिटं कागद वाचला. काकूंनी दोन प्रश्न विचारले: रिपोर्ट मला मिळणार ना, आणि ही दुसरी प्रत माझी का? दोन्हींचं उत्तर हो. त्यांनी सही केली, तारीख आम्ही घालायला गेलो तर म्हणाल्या, "मी घालते की." (तारीख सहभागीनं स्वतःच घालायची असते, हे आम्ही प्रशिक्षणात दहा वेळा सांगितलं होतं, आणि पहिल्याच दिवशी पेन आमच्याच हातात.) आपली प्रत त्यांनी घडी करून रेशनकार्ड आणि लाइटबिलाच्या पिशवीत ठेवली आणि हात पुढे केला.

"बघा आता पटकन बी.पी., धार काढायची राहिलीय."

त्यांना सांगितलं, आधी पाच मिनिटं शांत बसावं लागेल.